कुत्र्याचा घास

अमेरिकेतल्या आमच्या या बॉथेल गावात कावळ्यांना तोटा नाही. सप्टेंबर लागला की संध्याकाळी कॉलेजमागच्या दलदलीवर ते हजारोंनी उतरतात आणि इथे नवीन आलेले लोक गाड्या कडेला लावून व्हिडिओ काढत बसतात. पितृपक्षात डेकच्या कठड्यावर पान ठेवलं, की घरात येऊन हात धुवेपर्यंत ते साफ झालेलं असतं. इथल्या आम्ही मराठी बायका यावरून एकमेकींना चिडवतो. तिकडे कावळा शिवावा म्हणून तास तास विनवण्या करायच्या, आणि इथे पितरांनाच आपल्यापेक्षा जास्त घाई. त्या हसण्यात पूर्वी मीही असायचे.

आता पितृपक्ष आला की मला राग येतो. वड्यांचं पीठ भिजवायला घेतलं की येतो, खिरीला दूध आटवताना तो चढत जातो आणि काळ्या तिळांची बरणी मी शेवटपर्यंत उघडत नाही. इतकी वर्षं झाली, आता सोड, असं आनंद म्हणतो. आनंद माझा नवरा, पुण्याचा, आणि त्याला गोष्टी सोडून देता येतात. आमच्या घराण्यात डूख धरायची रीत आहे. माझ्या वडिलांना, अण्णांना, एका लग्नात पहिल्या पंगतीला बोलावलं नाही म्हणून ते सख्ख्या भावाशी बावीस वर्षं बोलले नव्हते. भाऊ गेल्याचा फोन वाशीमच्या घरी आला तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतले, आणि मगच चपला घातल्या. मी त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे त्यांचं श्राद्धही माझ्याकडे आलं आणि डूखही.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षीच्या वसंतात मी लांडग्यांची विष्ठा धुवायला लागले. हे वाक्य आमच्या मंडळाच्या भिशीत मी उच्चारलं तेव्हा दोन काकूंनी हातातल्या प्लेट्स खाली ठेवल्या होत्या. आठवडाभर मी एका बायोटेक कंपनीत मायक्रोस्कोपपुढे बसते. शनिवारी तेच काम फुकट करायला एका संशोधन प्रकल्पात जायचे. डोंगरापलीकडे, राज्याच्या पूर्वेला लांडगे परत आले होते आणि ते नक्की काय खातात हे शोधायचं होतं. लांडग्याला जेवताना बघणं कुणाच्या नशिबी नसतं, म्हणून त्याने मागे टाकलेलं बघायचं.

प्रकल्प रिया चालवायची. रिया इथेच जन्मलेली, टेक्सासमधल्या फ्रिस्कोची, आईवडील नागपूरचे. डॉक्टरेट करत होती, मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र निम्म्यात गाडी इंग्रजीवर जायची. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची. तिनेच मला ते धुणं शिकवलं. रानातून पिशव्या यायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठे सापडलं, कोणत्या दिवशी. आधी भट्टीत तापवायचं, म्हणजे जंतांची अंडी मरतात. मग जुन्या नायलॉनच्या मोज्यांत बांधून वॉशिंग मशिनमध्ये टाकायचं. बाहेर येतात ते केस, हाडांचे तुकडे, दात, बिया. केस काचेवर घेऊन ओळखायचा, तक्त्यात प्राण्याचं नाव लिहायचं, आणि शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना असायचा, त्यात वेगळं काही दिसलं तर ते.

“दोन मास्टर्स करून हे?” आनंद म्हणाला होता.

मला ते काम फार आवडायचं. एल्क नावाचं तिथलं मोठं हरिण असतं, त्याचा केस आतून पोकळ असतो आणि चिमटीत धरून वाकवला की मोडतो. गाईचा केस वाकतो पण मोडत नाही. शनिवारमागून शनिवार मी त्या कळपाचा आहार वाचत गेले. एप्रिलमध्ये बीव्हर, ओढ्यांवर बांध घालणारे ते घुशीसारखे प्राणी, बर्फ वितळून पाण्याबाहेर पडायला लागतात तेव्हा. जूनमध्ये हरणांची पाडसं, मऊ, बोटाच्या पेरात मावतील अशा खुरांसकट. उन्हाळा तापला की नाकतोडे. ऑगस्टच्या शेवटी हकलबेरी, आपल्या करवंदांची धाकटी बहीण शोभेल असं जांभळं फळ. लांडगा ते मुठीमुठीने खातो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आणि बाराही महिने एल्क. मारल्यावर आधी पोट फाडून काळीज, यकृत, फुप्फुसं, मग मांड्या, कातडं आणि हाडं सगळ्यात शेवटी, दुसऱ्या भुकेला. आतड्याला टोचू नये म्हणून हाडाचे तुकडे केसांत गुंडाळूनच बाहेर येतात. एका वेळी पोट फुटेस्तोवर खायचं, कारण पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नाही. दहा वेळा धावून नऊ वेळा हात हलवत परत यायचं. मला त्यांचं कौतुक वाटायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी मुळातच दुष्ट आहे.

आमच्या घरी बंड्या होता. शेल्टरमधून आणलेला, पांढरा-बदामी, एक कान उभा आणि एक पडलेला. आमची मुलगी इरा कॉलेजला गेली त्या आठवड्यात आणला, म्हणून त्याच्या वाट्याला तिचे लाड आले. दहीभात खायचा. मी कामावरून आले की उडी मारून माझी हनुवटी, ओठ चाटायचा, कितीही ओरडलं तरी. एकदा मी रियाला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, दॅट्स अ पपी थिंग. लांडग्यांची पिल्लं मोठ्यांचं तोंड चाटतात ना, मग मोठे पोटातलं फूड बाहेर काढतात त्यांच्यासाठी. तो तुला विचारतोय, शिकार कशी झाली, काय आणलंस.”

“म्हणजे मी ओकायचं?”

“बेसिकली, हो.”

त्या दिवसापासून मी बंड्याला ओरडणं बंद केलं. दारातच खाली बसायचे आणि त्याला हवं तेवढं चाटू द्यायचे. मग उठून भात कालवायचे.

सप्टेंबरमध्ये आम्ही त्याच डोंगरात तंबू घेऊन गेलो. हकलबेरीचा शेवटचा बहर होता, जागा रियानेच सांगितलेली. इरा सुट्टी काढून आली होती. अण्णांची तिथी नेमकी त्या शनिवारी येत होती, तेव्हा आनंद म्हणाला, या वर्षी कॅन्सल कर, परत आल्यावर कर. मी म्हटलं, तिथी म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे? वड्यांचं पीठ बरोबर घेतलं, गॅसच्या शेगडीवर खीर केली, भाताचे गोळे करून वर काळे तीळ घातले. कावळ्याचा घास, गायीचा घास आणि कुत्र्याचा घास, तीन कागदी पानं.

तिथे कावळे नव्हते, रेव्हन होते; आपल्या डोमकावळ्याच्या दुप्पट आणि आवाज खर्जातला. मी पानं झाडीच्या कडेला नेऊन ठेवली. तंबूपाशी कणभरही अन्न उघडं टाकू नका अशी पाटी आम्ही येतानाच वाचली होती. अस्वलांसाठी असेल म्हणून मी ती मनातून काढून टाकली. श्राद्धाचा घास म्हणजे अन्न टाकणं नव्हे, असंही वाटलं. रेव्हन जमले आणि त्यांनी असा गलका केला की सगळ्या दरीला कळावं. रेव्हन ओरडले की लांडगे बघायला येतात आणि लांडगे जेवायला बसले की रेव्हन येतात, हे मी मार्चपासून शिकत होते. ते मला त्या क्षणी आठवलं नाही. कावळा शिवला, अण्णा जेवले, एवढंच आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

मग मी बंड्याची दोरी सोडली. इरा म्हणाली, “आई, डोन्ट. लीश रूल आहे इथे.” मी म्हटलं, बांधलेल्या कुत्र्याला श्राद्धाचा घास घालत नाहीत. असा नियम कुठे लिहिलेला आहे, मला माहीत नाही. वाशीमला आमच्या दारात कुत्री मोकळी यायची आणि मोकळी जायची, एवढंच मी पाहिलेलं होतं. बंड्या शेपूट हलवत झाडीकडे गेला. भर दुपार होती, ऊन होतं. तो भुंकला, मग पुन्हा भुंकला, आणि मग एक असा आवाज आला की तो मी इथे लिहिणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पानं चाटूनपुसून साफ होती आणि बंड्या नव्हता. तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि शोधला तो डेल नावाच्या माणसाने. उन्हाळ्यात त्याची गुरं त्या रानात चरायला असतात. साठीचा, कमी बोलणारा. त्याने बंड्याला स्वतःच्या जाकिटात गुंडाळून आणलं आणि गळ्यातल्या पट्ट्यावरचा नावाचा बिल्ला पुसून माझ्या हातात दिला.

“खाल्लेला नाही,” तो म्हणाला. “कुत्र्याला ते खात नाहीत, मॅडम. नुसतं मारतात. आपल्या हद्दीत आलेला परका लांडगा समजतात.”

मला वाटतं, त्याला माझं सांत्वन करायचं होतं. माझ्या डोक्यात मात्र तिथेच काहीतरी पेटलं. भुकेने मारलं असतं तर मी समजू शकले असते. भूक मी सहा महिने दर शनिवारी धूत होते. पोटासाठी नाही, पिल्लांसाठी नाही, हद्दीसाठी. परका म्हणून. आम्ही या देशात पंचवीस वर्षं परके म्हणून कागद भरतो आहोत. त्या शब्दाला माझ्या अंगात आधीच जागा होती. एकच समाधान मी धरून ठेवलं, की पान साफ होतं, म्हणजे निदान घास बंड्याच्या तोंडी पडला. भरल्या पोटी गेला.

पुढच्या शनिवारी मी लॅबमध्ये हजर होते. रिया म्हणाली, “मावशी, टेक अ ब्रेक. सीरियसली.” मी म्हटलं, कामाने बरं वाटतं. ते खोटं होतं. प्रत्येक काचेवर मी बदामी केस शोधत होते. डेल म्हणत असेल काहीही, कुणा एकाने तरी लचका तोडला असेल आणि तो मला सापडेल, आणि सापडला की मी काय करणार हे मला ठरवता येत नव्हतं, पण काहीतरी नक्की करणार होते. केस सापडत नव्हता. त्याचाही राग येत होता.

त्याच आठवड्यात डेलची दोन वासरं रानात मेलेली सापडली. इतकी खाल्लेली, की कुणी मारली ते सांगता येईना. हा कळप आता गुरांवर जगतो आहे असं दिसलं तर राज्याचे लोक त्यातले दोन लांडगे गोळी घालून कमी करणार होते. तसं दिसत नसेल तर थांबणार होते. इतर चौकशीबरोबर त्यांनी आमच्याकडून त्या कळपाच्या आहाराचा तक्ता मागवला. रिया रानात होती. तक्ता मी भरला.

चार पिशव्यांत गाईचा केस होता. वाकणारा, न मोडणारा. पण त्या चारही मोज्यांत आणखी काहीतरी होतं: वाळक्या कातड्याचे तुकडे आणि कुजक्या मांसावर बसणाऱ्या माश्यांच्या कोशांची तपकिरी टरफलं, तांदळाच्या कण्यांएवढी. ताज्या मारलेल्या जनावरात ती नसतात. मेलेलं जनावर कितीतरी दिवस पडून राहिलं, त्यात अळ्या झाल्या, तेव्हा ती होतात. चिठ्ठ्यांवरची जागा मी भिंतीवरच्या नकाशावर पाहिली. चारही जागा एका खड्ड्याच्या आसपास होत्या. आजाराने, म्हातारपणाने मेलेली गुरं डेल त्या खड्ड्यात टाकायचा. त्याने तो मातीने बुजवायला हवा होता, बुजवलेला नव्हता. लांडग्यांनी गुरं मारली नव्हती, खड्ड्यातलं उकरून खाल्लं होतं. मला हे जितक्या स्वच्छ दिसलं तितकं क्वचितच काही दिसलं असेल.

मी तक्त्यात चार ठिकाणी ‘गाय’ लिहिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला. धुतल्यावर उरलेला गाळ नेहमीसारखा कचऱ्यात टाकला, टरफलांसकट.

रियाने संध्याकाळी फोनवर विचारलं, “मावशी, शेरा काहीच नाही? फ्लाय केसेस, बीटल्स, एनीथिंग?”

“काही नव्हतं,” मी म्हटलं.

“ओके. तू बघितलंयस म्हणजे झालं.”

त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली, हेही लिहायला हवं. दहा दिवसांनी दोन लांडगे हेलिकॉप्टरमधून मारले. त्यातली एक त्या वर्षीच्या पिल्लांची आई होती. बातमी वाचून इरा फोनवर रडली. “आई, दे वर जस्ट बीइंग वुल्व्ज,” म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं. पिल्लं आता कुणाचं तोंड चाटतील ते मला माहीत नाही, आणि माझं कोण चाटतं आहे? असं मी पोटच्या मुलीला म्हटलं. तिने फोन ठेवला. मला त्या वेळी अण्णांची फार आठवण आली. ते असते तर माझ्या पाठीवर हात ठेवला असता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी शेवटच्या पिशव्या धुवायच्या राहिल्या होत्या. एकीची चिठ्ठी वाचून मी थांबले. बंड्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती, आणि जागा आमच्या तंबूखालचा ओढा. म्हटलं, सापडला. ती पिशवी मी तापवताना, बांधताना, मशिनमध्ये टाकताना कुणाला हात लावू दिला नाही. मोजा सोडला तेव्हा त्यात एल्कचे केस होते, हकलबेरीच्या साली होत्या, आणि सगळ्यांत मिसळलेले बारीक काळे दाणे होते. बदामी केस एकही नव्हता.

रिया मागून वाकली. “व्हॉट सीड इज दॅट? हे आपल्या लिस्टमध्ये नाहीये. मावशी, तू ओळखतेस?”

त्या इमारतीत ते ओळखणारी मी एकटीच होते. मायक्रोस्कोपची गरज नव्हती. मी एक दाणा अंगठ्याच्या नखावर घेतला. चपटा, एका टोकाला निमुळता. माझ्या बरणीतला, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून मैत्रिणीने पाठवलेला, मी अण्णांचं नाव घेऊन भातावर घातलेला.

घास त्यांनी खाल्ला होता. बंड्याच्या तोंडी तो पडला की नाही, त्यांनी आधी खाल्ला की नंतर, हे तीळ सांगत नाहीत. पण ते कशासाठी आले होते ते सांगतात. हद्दीसाठी आले नव्हते. मी वाढलं म्हणून आले होते. पान मी मांडलं, रेव्हनकडून आवतण मी धाडलं, आणि जेवणारे येऊन बसल्यावर बंड्याची दोरीही मीच सोडली. महिनाभर मी सुडाच्या मागे धावत होते आणि ज्याच्यावर तो उगवायचा तो माणूस रोज सकाळी माझ्याच आरशात केस विंचरत होता.

“तीळ आहेत,” मी रियाला म्हटलं. “माझे.” आणि मग, एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून, टरफलांचंही सांगितलं. चारही पिशव्यांचं, खड्ड्याचं.

ती वाकली होती ती सरळ झाली. मग म्हणाली, “यू न्यू?”

“हो.”

“जेव्हा मी फोनवर विचारलं, तेव्हा?”

“हो.”

तिने तक्ता काढला आणि चारही रिकाम्या रकान्यांत स्वतःच्या हाताने शेरा लिहिला. अक्षर नेहमीचं, गोल, कुठेही न हललेलं. “आय थिंक यू शुड गो होम,” म्हणाली. मावशी म्हणाली नाही. मी कोट घातला, दारापर्यंत गेले, थांबले. तरी म्हणाली नाही. तिने सुधारलेला तक्ता त्याच दिवशी पाठवला, उरलेला कळप वाचला आणि डेलने खड्डा बुजवला, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिने मला फोन केला नाही. करू नये. तिच्या जागी मी असते तर मीही केला नसता.

मी लांडग्यांना माफ केलेलं नाही. तीळ दिसले म्हणून बंड्याचा गळा त्यांनी फोडला हे खोटं होत नाही, आणि राग काही एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे ठेवता येत नाही. तो दोन्हीकडे पुरून उरतो. त्या मारलेल्या मादीचा विचार येतो तेव्हा पोटात भाताचा गोळा आणि तीळ घेऊन ती डोंगर चढते आहे, आणि वर पिल्लं तिच्या तोंडाला झोंबताहेत, असं दिसतं. माझ्या हातचं त्यांना मिळालं असेल. मला ते आवडत नाही.

आज अण्णांची तिथी. सकाळी वडे तळले, खीर केली, तीन पानं वाढली. कावळ्याचं डेकवर ठेवलं, ते लगेच संपलं. गायीचं आनंद गाडीने जाऊन एका फार्मवर देऊन आला, दरवर्षीसारखं. तिसरं पान घेऊन मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, जिथे बंड्याचं भांडं असायचं. आनंद दारात उभा होता.

“अगं, तो घास आपण खायचा नसतो,” तो म्हणाला. हेही तो दरवर्षी म्हणतो.

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि भात कालवला. कडू लागतो तो, तीळ जास्त झालेले असतात. तरी मी सगळा खाल्ला, आणि पानाला चिकटलेले तीळ एकेक करून बोटाने उचलले, कुणाला वास लागून यावं असा एकही मागे राहू नये म्हणून.